डोक्याला किरणं देताना

प्रोस्टेटचा कॅन्सर पसरायला लागला की आधी हाडं धरतो. कमरेचे मणके, माकडहाड, खुबा, बरगड्या. आमच्या रेडिओथेरपी विभागात या आजाराचे जे वयस्क पेशंट काठी टेकत किंवा स्ट्रेचरवरून येतात, ते बहुतेक पाठीला नाहीतर मांडीला किरणांचा शेक घ्यायला आलेले असतात. मेंदूत गाठी घेऊन येणारा क्वचित, शंभरात एखाददुसरा. फुप्फुसाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरवाल्यांच्या डोक्याला किरणं देणं हे आमचं रोजचं काम. प्रोस्टेटची फाइल घेऊन कुणी त्याच कामासाठी आलं की मात्र डॉक्टर एमआरआय पुन्हा एकदा उघडून बसतात. गाठ खरंच मेंदूत आहे, की कवटीच्या हाडात, की हाड आणि मेंदू यांच्या मधल्या आवरणात, हे आधी ठरवावं लागतं. या कॅन्सरला कवटी आणि ते आवरण जास्त मानवतं, आणि आवरणात पसरलेला कॅन्सर एमआरआयवर कधी साकळलेल्या रक्तासारखा दिसतो, तर कधी मेनिन्जिओमाच्या साध्या गाठीसारखा.

मी या विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे. पेशंटला टेबलावर झोपवणं, मास्क बनवणं, मशिन लावणं आणि झाल्यावर हात धरून उतरवणं हे माझं काम. डोस किती हे डॉक्टर ठरवतात, तो कसा पोचवायचा हे फिजिसिस्ट मांडतात. पण इतकी वर्षं त्या टेबलाच्या कडेला उभं राहून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. डोक्यात पसरलेल्या कॅन्सरमध्ये सगळ्यात अवघड काय असेल, तर किरणं किती द्यायची आणि कुठे थांबायचं हे ठरवणं. एकदा ते ठरलं की बाकीचं काम मेहनतीचं आणि काटेकोरपणाचं आहे, पण ते शिकता येतं.

ज्या काकांबद्दल लिहिते आहे ते गवंडी होते. वय सत्तरीच्या पुढे. काही वर्षांपूर्वी लघवी अडकली म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात गेले, तिथून तपासण्या सुरू झाल्या. रक्तातलं पीएसए वाढलेलं, बायोप्सीत कॅन्सर, हाडांच्या स्कॅनवर दोन-चार ठिकाणी डाग. अंडकोष काढण्याची छोटी शस्त्रक्रिया झाली आणि आजार मागे हटला. पुरुषी हार्मोनचा पुरवठा तोडला की हा कॅन्सर आकसतो हे शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिलं, १९६६ साली त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. काकांची पुढची काही वर्षं त्या एका शोधावर बरी गेली. मग पाठ दुखायला लागली, पाठीला शेक झाला, केमोच्या सलाइन झाल्या, महागाच्या गोळ्या सुरू झाल्या. आता चहाचा कप डाव्या हातातून निसटत होता, चालताना झोक जात होता, आणि सकाळी उठल्या उठल्या डोकं ठणकून उलटी होत होती. एमआरआयवर मेंदूत तीन गाठी होत्या. शिवाय उजव्या बाजूला कवटीच्या आतलं आवरण बऱ्याच लांबीपर्यंत जाड झालेलं.

अशा वेळी रस्ते तीन असतात. गाठी थोड्या आणि लहान असतील तर प्रत्येक गाठीवर नेमका, मोठा डोस द्यायचा. यालाच रेडिओसर्जरी म्हणतात. स्टॉकहोमचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी ही कल्पना १९५१ साली मांडली. आज दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला एका बैठकीत २४ ग्रेपर्यंत (ग्रे हे किरणांच्या डोसाचं एकक) डोस देता येतो. तीन-चार सेंटिमीटरच्या गाठीला १५ ग्रेच्या आसपास थांबावं लागतं, नाहीतर शेजारच्या चांगल्या मेंदूला इजा होते. दुसरा रस्ता म्हणजे सबंध डोक्याला मोजका डोस, एकतर दहा दिवसांत ३० ग्रे किंवा पाच दिवसांत २०. आणि तिसरा, किरणं द्यायचीच नाहीत. सूज उतरवणारी गोळी, वेदनेवरचं औषध, घरच्या माणसांत राहणं.

हा तिसरा रस्ता ऐकला की नातेवाइकांच्या चेहऱ्यावर एकदम सावट येतं. 'म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?' असं बाहेर येऊन मला विचारतात. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ५३८ पेशंटवर झालेला एक अभ्यास २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ऑपरेशन किंवा रेडिओसर्जरी करण्यासारखी ज्यांची स्थिती नव्हती असे हे पेशंट. निम्म्यांना सबंध डोक्याला पाच दिवस किरणं आणि गोळ्या, निम्म्यांना नुसत्या गोळ्या आणि शुश्रूषा. दोन्ही गटांचं आयुष्य साधारण नऊ आठवड्यांच्या आसपासच राहिलं, आणि त्या आयुष्याच्या प्रतीतही फारसा फरक पडला नाही. प्रोस्टेटच्या पेशंटवर असा मोठा अभ्यास होणं कठीण, इतके ते कमी. तरी त्या अभ्यासानंतर आमच्याकडचे डॉक्टर 'नको' हा शब्द जास्त धीराने उच्चारू लागले, आणि मला ते मनापासून पटतं. आधाराशिवाय बसता न येणाऱ्या माणसाला पाच दिवस जीपमधून आणायचं, कडक टेबलावर झोपवायचं, आणि हाती काही लागणार नाही, हे मी पाहिलेलं आहे.

काकांचं तसं नव्हतं. ते जेवत होते, काठी घेऊन चालत होते, बोलणं नीट होतं. आवरणातला पसारा लांबलचक असल्यामुळे नुसत्या तीन गाठींवर नेम धरून भागणार नव्हतं. डॉक्टरांनी सबंध डोकं घ्यायचं ठरवलं, पण पाच दिवसांत. दहा दिवसांचा डोस का नाही, असं मुलाने विचारलं. जास्त दिवस म्हणजे जास्त इलाज हा हिशेब माणसाला आपसूक सुचतो. लक्षणं कमी करण्यापुरतं बघितलं तर पाच दिवसांच्या डोसाचा गुण दहाच्या जवळपासच येतो, आणि वाचलेले पाच दिवस काकांना त्यांच्या घरी मिळतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुलाला ते लगेच पटलं नाही. काकूंना पटलं.

त्याच दिवशी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू झालं. गाठींच्या भोवती मेंदूला जी सूज येते ती या गोळीने एक-दोन दिवसांत उतरायला लागते. डोकेदुखी थांबते, हात उचलला जातो, भूक खवळते. तिसऱ्या दिवशी काका मास्कसाठी आले तेव्हा डाव्या हातात पिशवी धरून आले. घरची माणसं हरखली होती. ही किमया गोळीची आहे, कॅन्सर अजून तिथेच आहे, हे सांगावं लागतं आणि सांगताना बरं वाटत नाही. गोळीचे उपद्रवही तेव्हाच सांगून ठेवावे लागतात. साखर चढते, रात्री झोप लागत नाही, तोंडात पांढरा थर धरतो, महिनाभर चालली तर मांड्यांतली ताकद जाते आणि खुर्चीतून उठवत नाही. म्हणून दिवसाचा शेवटचा डोस दुपारच्या आत द्यायचा आणि ग्लुकोमीटर घरी ठेवायचा. ज्यांच्या प्रोस्टेटच्या गोळ्यांत एन्झाल्युटामाइड असतं त्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्या औषधाने काहींना फिट येऊ शकते, आणि मेंदूत गाठ असताना ती जोखीम वाढते. त्यामुळे फाइलमध्ये कुठल्या गोळ्या चालू आहेत हे डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतात.

मास्कच्या खोलीत शिरण्याआधी मुलाने मला बाजूला घेतलं. 'मॅडम, त्यांना डोक्यात पसरलंय हे सांगू नका. सूज आहे म्हणून शेक देतोय असं सांगितलंय.' हे मी जवळजवळ प्रत्येक घराकडून ऐकते. मी खोटं बोलत नाही, आणि न विचारलेलं सांगतही नाही. पण माझं मत विचाराल तर माणसाला सांगावं. काका आत आले, टेबलावर बसले आणि म्हणाले, 'ताई, आता डोक्यात गेलं न्हवं? पोरगा घाबरतोय, त्याला म्हणून मी इचारत न्हाई.' बाप मुलाला जपत होता, मुलगा बापाला. हे मी डॉक्टरांच्या कानावर घातलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघांना एकत्र बसवून बोलायला लावलं. त्यानंतर काकांनी मुलाला पतसंस्थेतली ठेव आणि कुणाकडून किती येणं आहे ते सगळं नीट सांगून टाकलं. ते बोलणं झालं नसतं तर त्या घराचं नुकसान झालं असतं.

मास्क बनवताना घाई केली की पुढचे सगळे दिवस निस्तरावं लागतं. प्लास्टिकचा पांढरा जाळीदार ताव असतो, चौकटीत बसवलेला. तो पासष्ट-सत्तर अंश गरम पाण्यात सोडला की काही मिनिटांत पारदर्शक आणि मऊ होतो. बाहेर काढायचा, टॉवेलने पाणी टिपायचं, आणि दोघींनी दोन बाजूंनी धरून पेशंटच्या चेहऱ्यावर ओढत खाली क्लॅम्पमध्ये अडकवायचा. मग बोटांनी कपाळ, नाकाचा दांडा आणि हनुवटी यांवर हलका दाब द्यायचा. इथेच पकड बसते. ताव आठ-दहा मिनिटांत थंड होऊन घट्ट होतो आणि होता होता थोडा आवळतो. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून डोकं हलवतो आणि ताव वाया जातो. श्वास जाळीतून नीट घेता येतो, डोळे मिटून ठेवायचे, गुदमरायला झालं तर हात वर करायचा.

त्याआधीची तयारी प्रोस्टेटच्या पेशंटमध्ये जास्त. मणके खचलेले, पाठीला पोक आलेलं, आणि टेबल कार्बन फायबरचं, टणक. सरळ झोपताना कळ निघते. म्हणून मॉर्फिनची गोळी अर्धा तास आधी द्यायची, गुडघ्यांखाली उशी घ्यायची, मानेखालचे टेकू बदलून बघायचे. कवळी काढायची की ठेवायची हे पहिल्या दिवशी ठरवायचं आणि शेवटपर्यंत तसंच पाळायचं, कारण कवळीने जबड्याचा आकार बदलतो आणि मास्क बसत नाही. लघवीची नळी असते. पिशवी टेबलाच्या कुठल्या कडेला लटकवायची हे विचार करून ठरवावं लागतं, नाहीतर टेबल आत सरकताना नळी ओढली जाते. काका लाजत होते. म्हातारी माणसं बाईसमोर पिशवीला हात लावू देत नाहीत. मी काकूंना आत बोलावलं, त्यांनी पिशवी लावून दिली आणि पुढे रोज त्यांनीच लावली.

मास्क घालूनच सीटी स्कॅन होतो. संगणकावर त्यावर एमआरआय चढवतात, म्हणजे हाडं एकातून दिसतात आणि गाठी दुसऱ्यातून. सबंध डोक्याचा प्लॅन दिसायला साधा, उजवीकडून एक आणि डावीकडून एक झोत. पण कडा महत्त्वाच्या. पुढे डोळ्यांच्या भिंगांवर किरणं पडली तर मोतीबिंदू होतो, म्हणून मशिनच्या तोंडाशी असलेल्या टंगस्टनच्या पातळ पट्ट्या सरकवून डोळे झाकायचे. पण फार झाकलं तर नाकाच्या वर, दोन डोळ्यांच्या मधे मेंदूचा जो तळ खाली उतरलेला असतो तो सुटतो. खाली मानेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापर्यंत यायचं. स्मरणशक्तीशी जोडलेला हिप्पोकॅम्पस वगळून बाकीच्या मेंदूला डोस देण्याची पद्धतही आता आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली आले आणि त्यात अशा पेशंटची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती जास्त टिकलेली दिसली. तो प्लॅन करायला वेळ लागतो, आणि त्याचा फायदा दिसायला पेशंटला पुढचे काही महिने मिळावे लागतात. काकांसाठी डॉक्टरांनी तो घेतला नाही.

सकाळी पेशंट यायच्या आधी मशिनची तपासणी होते. लिनॅक, म्हणजे किरणं देणारं आमचं मशिन, गरम करायचं, यंत्राने डोस मोजून तो दोन-तीन टक्क्यांच्या आत आहे ना बघायचं, दार उघडलं की किरणं बंद होतात ना हे बघायचं, भिंतींवरचे लेसर एकाच बिंदूत मिळतात ना ते तपासायचं. काका पहिल्या दिवशी आत आले तेव्हा त्या लेसरच्या रेघा पाहून थांबलेच. एक छतातून, दोन बाजूच्या भिंतींतून. 'ओळंब्याच्या जागी उजेड लावलाय म्हणा की,' असं म्हणाले. मग भिंत किती जाडीची ते विचारलं. झोताच्या समोर सुमारे दोन मीटर काँक्रीट असतं हे ऐकून त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि एवढा ओतीव गाळा एका दमात कसा भरला असेल याची चौकशी सुरू केली. मास्क चढवेपर्यंत तोच विषय चालला होता. भीती घालवायला मी जे काही बोलणार होते त्याची गरजच पडली नाही.

मास्क क्लॅम्प केल्यावर आम्ही बाहेर येतो, दार बंद होतं. आधी मशिनचाच हात डोक्याभोवती फिरून स्कॅन घेतो, तो प्लॅनच्या स्कॅनवर ताडून पाहायचा. वर दोन मिलिमीटर, डावीकडे एक, एवढं टेबल बाहेरूनच सरकवता येतं. मग झोत. आमच्या मशिनवर एका बाजूचा डोस अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो. जुन्या कोबाल्ट मशिनवर यालाच मिनिटं लागतात, आणि दरवर्षी जास्त लागत जातात, कारण कोबाल्ट-६० सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. तरी सबंध डोक्याच्या कामाला कोबाल्ट पुरेसा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं भाभाट्रॉन हे त्याच जातीचं मशिन, आणि जिथे लिनॅक परवडत नाही तिथे ते उपयोगी पडतं.

उतरल्यावर काका म्हणाले, 'डोळे मिटले होते तरी निळा उजेड दिसला.' हे बऱ्याच जणांना दिसतं आणि अनेक जण सांगत नाहीत, आपलं डोकं बिघडलं असं समजून. हा उजेड खरा असतो. किरणांमुळे डोळ्यातल्या द्रवात वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन सुटतात आणि चेरेन्कोव्ह प्रकाश तयार होतो. काहींना क्लोरीनसारखा वास येतो. मी आता पहिल्याच दिवशी सांगून ठेवते.

काकूंचा प्रश्न वेगळा होता. घरी नातू आहे, तो मांडीवर बसतो, चालेल का? चालेल. लिनॅकमध्ये किरणोत्सर्गी पदार्थ नसतोच. इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आपटतात तेवढ्यापुरते एक्स-रे निघतात, मशिन थांबलं की अंगात काही शिल्लक राहत नाही. हा प्रश्न न विचारता घरच्या घरी ताट-वाटी वेगळी केलेली घरं मी पाहिली आहेत. म्हणून कुणी विचारो न विचारो, मी सांगते.

सरकारी योजनेची मंजुरी येईपर्यंत थांबणं, गावाहून येणं, धर्मशाळेत जागा मिळणं, यांत किरणांपेक्षा जास्त दिवस जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे उपचार बसतात हा मोठाच आधार आहे. पण ज्याच्या डोक्यात सूज आहे त्याला कागदांसाठी थांबवणं माझ्या जिवावर येतं.

पाचव्या दिवशी मास्क घरी न्यायचा का असं आम्ही विचारतो. काकांनी नको म्हटलं. निघताना कागदावर मराठीत लिहून दिलं: केस दोन-तीन आठवड्यांत गळतील, काही महिन्यांनी परत येतील. डोक्याला तेल, रंग, गरम पाणी नको. कान बंद झाल्यासारखे वाटतील. सुजेची गोळी एकदम बंद करायची नाही, दर काही दिवसांनी कमी करत आणायची, कारण बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना शरीर आपलं बनवणं थांबवतं आणि गोळी अचानक तोडली तर माणूस कोसळू शकतो. ही ओळ मी नेहमी लाल पेनाने लिहिते. आणि किरणांचा गुण लगेच दिसत नाही. कॅन्सरच्या पेशीचा डीएनए तुटलेला असतो, पण ती बहुधा फुटून दोन व्हायला जाते तेव्हाच मरते. प्रोस्टेटच्या पेशी सावकाश वाढणाऱ्या, त्यामुळे वाट पाहावी लागते.

महिन्याभराने काकूंचा फोन आला. चालणं बरं आहे, हात चालतो, पण दिवसभर झोपूनच असतात. मी विचारलं, हाक मारली की उठतात का, उठल्यावर ओळखतात का, सकाळी उलटी होते का, डोकं दुखतं का, गोळी किती वर आली. उठतात, जेवतात, नातवाशी बोलतात, पुन्हा झोपतात. उलटी नाही. गोळी परवाच अर्धी केली होती. किरणांनंतर अशी झापड काही आठवडे येते आणि उतरते. पण गोळी कमी करताना सूज परत वाढली तरीही असंच दिसतं, आणि फोनवरून यातलं कुठलं हे मला ठरवता येत नाही. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी गोळी दोन दिवस आधीच्या मात्रेवर न्यायला सांगितली, आणि झोप कमी झाली तर सूजच होती असं धरून पुन्हा हळू उतरवायला सांगितलं. पुन्हा किरणं द्यावी लागतील का, असं काकूंनी विचारलं. नाही, डोक्याला आता नाही, असं डॉक्टरांनी स्वतः फोन घेऊन त्यांना सांगितलं.